पोटात पाणी नाही

वैद्यकीय महाविद्यालयाच्या अंतिम परीक्षेत विद्यार्थ्यांबरोबर काही रुग्णांनाही बोलावणे जाते, ही गोष्ट बाहेरच्या जगाला सहसा ठाऊक नसते. ज्यांच्या देहावर एखाद्या व्याधीच्या खुणा स्पष्ट उमटल्या आहेत, असे जुने रुग्ण त्या दिवसांसाठी मुद्दाम आणले जातात. रुग्णाने स्वच्छ चादरीवर पडून राहावे, विद्यार्थ्याने हाताने, बोटांनी, कानांनी त्याचा देह वाचावा, आणि मग परीक्षकांपुढे उभे राहून व्याधी कोणती व ती कोणत्या पायरीवर आहे हे सांगावे. रुग्णाला नियम एकच : दुखले तर सांगायचे, बाकी मौन.

हे मौन टेलरमास्तरांनी वर्षानुवर्षे निष्ठेने पाळले होते.

मास्तरांचे यकृत त्या महाविद्यालयात प्रसिद्ध होते. तरुणपणी एका शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना रक्त चढवले गेले, आणि त्या रक्तासोबत काविळीचा एक विषाणू देहात शिरला. भाडे न देता वर्षानुवर्षे राहणाऱ्या भाडेकरूसारखा तो यकृतात गुपचूप राहिला. त्याचा पत्ता लागला, तेव्हा घर पोखरून झाले होते. मास्तरांनी उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता. तरीही यकृताचा आजार म्हटल्याबरोबर समोरचा माणूस अंगठा तोंडाकडे नेऊन सूचक हसे. आजारापेक्षा ते हसू मास्तरांना अधिक लागे. परीक्षेच्या त्या खाटेवर मात्र त्यांच्या यकृताला पहिल्यांदा मान मिळाला. तेथे कोणी हसत नसे. विद्यार्थी हात धुऊन, तळवे चोळून उबदार करून, परवानगी मागून पोटाला हात लावत. पुढे कधी बाजारात एखादा तरुण डॉक्टर गाडी थांबवून नमस्कार करी, तेव्हा मास्तर बायकोला अभिमानाने सांगत, “हा माझ्या पोटावर शिकला.”

यंदाही बोलावणे आले. सकाळी त्यांची पत्नी सदऱ्याला इस्त्री करत होती.

“अहो, पोटच दाखवायचंय ना? मग कॉलर एवढी कडक कशाला?”

“सदरा काढायच्या आधी ते सदराच बघतात.”

“आणि ही पँट? कंबर परत आत घेतलीत?”

“कापड सैल पडलंय जरा.”

पत्नीने इस्त्री उभी ठेवली. जन्मभर टेलरच्या घरात राहिलेल्या बाईला कापड काय सांगते हे कळत होते. कंबरेचे कापड असे सैल पडत नाही. दोघांच्या मनात एकच शंका होती, आणि ती बोलून दाखवण्याचे धैर्य दोघांतही नव्हते.

आजार कळला त्या वर्षी मास्तरांनी तिला यकृताच्या पायऱ्या कापडावरून समजावल्या होत्या. निरोगी यकृत म्हणजे नवी मऊ मलमल. पहिल्या पायरीवर सूज येते आणि सुजेच्या जागी तुरळक व्रण पडतात. मलमलीत कुठे कुठे जाड दोरा शिरावा तसे. दुसऱ्या पायरीवर असे दोरे वाढतात. तिसऱ्या पायरीवर ते लांबून एकमेकांना गाठतात. आणि चौथ्या पायरीवर दोऱ्यांच्या ओढीने सारे कापडच आक्रसते, त्याला चुण्या पडतात, गाठी पडतात. “मग त्या कापडाचा सदरा होत नाही,” असे ते म्हणाले होते. चौथ्या पायरीलाही दोन दालने आहेत. पहिल्या दालनात यकृत आक्रसलेले असूनही आपले काम कसेबसे निभावते. दुसऱ्यात ते हात टेकते : पोटात पाणी साचते, पाय सुजतात, डोळे पिवळे होतात, शुद्ध हरपू लागते. मास्तर त्या दुसऱ्या दालनात होते. त्यांच्या पोटातले पाणी सुई घालून काढावे लागले होते.

नंतर त्या विषाणूवर नव्या गोळ्या निघाल्या. मास्तरांनी त्या नेमाने घेतल्या, आणि रक्तातून विषाणू गेल्याचे सांगण्यात आले. पण भाडेकरू गेला म्हणून पोखरलेले घर थोडेच सांधते, असे मास्तर म्हणत. गेल्या वर्षी परीक्षेला पोटात पाणी होतेच. त्यानंतर मात्र गल्लीतल्या डॉक्टरांनी पाणी उतरवायच्या गोळ्या कमी करत करत बंद केल्या. “छान आहे, मास्तर,” ते म्हणत. ज्याच्यासाठी करण्यासारखे काही उरले नाही, त्याला डॉक्टर असेच म्हणतात, अशी मास्तरांची समजूत होती. कंबर उतरत होती, म्हणजे मांस झडत होते. ते उत्तर मोठ्या इस्पितळातल्या यंत्राकडून ऐकण्याची इच्छा नव्हती, म्हणून तपासणीच्या तारखा त्यांनी चुकवल्या. परीक्षेचे बोलावणे मात्र चुकवले नाही.

वॉर्डात कोपऱ्यातली खाट त्यांचीच होती. त्यांची पत्नी बाहेर बाकावर बसली. विद्यार्थी येण्यापूर्वी दोन्ही परीक्षकांनी प्रत्येक रुग्णाला स्वतः तपासावे, काय आढळते ते एकमताने कागदावर लिहावे, आणि त्याच कागदावर विद्यार्थ्याचे उत्तर पारखावे, अशी तेथील रीत होती. एक परीक्षक म्हणजे विभागाचे प्रमुख. त्यांना सारे मोठे सर म्हणत. दुसऱ्या परीक्षक बाई दुसऱ्या महाविद्यालयातून आल्या होत्या, आणि एके काळी त्या मोठ्या सरांच्याच विद्यार्थिनी होत्या.

“हे आमचे मास्तर,” मोठे सर खाटेपाशी येऊन म्हणाले. “यांचं पोट मला पाठ आहे. लिहा : चौथी पायरी, पोटात पाणी, प्लीहा वाढलेली, तळवे लाल.”

बाईंनी हात पुढे केला होता. सरांचे शब्द ऐकून त्यांनी तो मागे घेतला आणि लेखणी उचलली. मास्तर चादरीखाली अंमळ फुलून आले. एवढ्या विद्वान माणसाला आपले पोट पाठ असावे, ही लहान गोष्ट नव्हती.

परीक्षा सुरू झाली. मुले येत, चार ठिकाणी टकटक करत आणि मधल्या टेबलापाशी जाऊन सांगत, “सर, पोटात पाणी आहे.” मोठे सर मान डोलावत. मास्तरांना त्यात वावगे काही वाटले नाही. दर वर्षी असेच होई.

खाटेजवळचे दार अर्धवट उघडे होते. बाहेर थांबलेल्या मुलांचे बोलणे मास्तरांच्या कानी येत होते.

“कोपऱ्यात मास्तर आहेत. पाणी, प्लीहा, लाल तळवे. हात लावायचीसुद्धा गरज नाही. डोळे मिटून सांग आणि सूट.”

“बघते,” एक मुलगी म्हणाली.

“बघते काय? मागच्या वेळी याच परीक्षेत अडकलीस ना? आयतं मिळतंय तर घे की. परत सहा महिने घालवायचेत का?”

थोड्या वेळाने तीच मुलगी आत आली. उंच, कृश, चष्मा लावलेली. तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीची शिवण उसवली होती, आणि ती घाईघाईने निळ्या दोऱ्याने घातलेली दिसत होती. पांढऱ्यावर निळा दोरा. मास्तरांच्या जिवाला ते सहन होईना. पण मौन होते.

“काका, मी तुमचं पोट तपासू का? दुखलं तर लगेच सांगा.”

तिचे हात उबदार होते. तिने आधी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, तळवे पाहिले, नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलल्यावर खळगा राहतो का ते पाहिले. मग ती पोटाकडे वळली. डाव्या हाताचे मधले बोट सपाट टेकवून त्यावर उजव्या बोटाने हलकेच ठोका, मग बोट जरा बाजूला, पुन्हा ठोका. पोटाच्या मध्यावर आवाज मोकळा येतो. कुशीकडे जाताना, पाणी असेल तर, तो बसका होतो. मग रुग्णाला कुशीवर वळवायचे. पाणी खाली ओघळते, आणि बसका आवाज आपली जागा बदलतो. हे सारे मास्तरांनी इतक्या वेळा अनुभवले होते की तो बसका आवाज कुठे पडायचा हे त्यांनाही माहीत झाले होते.

त्या जागी तो पडला नाही. मुलगी थांबली. तिने पुन्हा ठोका दिला, मास्तरांना कुशीवर वळवले, वाट पाहिली, पुन्हा ठोका दिला.

हिचं बोट नीट टेकत नाही, मास्तरांना वाटले. घाबरली असेल. त्यांचा जीव कळवळला. एक शब्द पुरला असता. पण नियम तो नियम. ते छताकडे पाहत राहिले.

ती अजून टेबलापाशी आली नाही हे पाहून दोन्ही परीक्षक खाटेपाशी आले. मोठ्या सरांच्या हातात तो कागद होता.

“सांग.”

“सर, यकृताची कड बोटाला टणक लागते. प्लीहाही लागते, पण थोडीच. तळवे लालसर आहेत, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रक्तवाहिन्या आहेत. डोळे पिवळे नाहीत. पायाला सूज नाही. पोटात पाणी नाही.”

सरांची लेखणी थबकली. “शेवटचं परत सांग.”

“पोटात पाणी नाही, सर.”

“बाहेर सगळे काय म्हणत होते, ते तुझ्या कानावर आलं नाही का?”

“आलं, सर.”

बाईंच्या ओठांवर हसू येऊन गेले. सर हसले नाहीत. “तुझ्या आधी जेवढे आले, त्या सगळ्यांनी पाणी सांगितलंय. माझ्या कागदावरही पाणीच आहे. परत बघ. घाई करू नकोस.”

हे बोलणे कठोर नव्हते. बुडणाऱ्याला फेकलेला तो दोर होता, आणि हे मास्तरांनाही कळले. पकड पोरी, ते मनात म्हणाले. हो म्हण आणि सूट.

ती खाली वाकली. यावेळी ती अधिक सावकाश होती. कुशीवर वळवताना तिचा हात क्षणभर मास्तरांच्या खांद्यावर विसावला. मग ती सरळ उभी राहिली.

“नाही, सर. पाणी नाही. पण पूर्वी होतं. पोटाची कातडी सैल पडली आहे, आणि डावीकडे खाली सुईची जुनी खूण आहे. कोणीतरी पाणी काढलंय इथून.”

“मग निदान काय?”

“यकृताला चौथ्या पायरीचे व्रण. यकृताने एकदा हात टेकले होते, आता ते परत काम सांभाळतंय.”

“चौथ्या पायरीवरून मागे येतं का कोणी? मी तुम्हाला असं शिकवलं?”

“नाही, सर. तुम्ही येत नाही म्हणून शिकवलंत. पण आजाराचं मूळ कारण काढून टाकलं तर काही जणांचे व्रण हळूहळू सैल होतात. पायरी बदलेलच असं नाही. पण पायरीवर कोसळलेला माणूस त्याच पायरीवर उठून उभा राहू शकतो.”

“आणि तुझं म्हणणं खोटं ठरवायचं झालं तर काय करशील?”

“सोनोग्राफी. पाणी अगदी थोडं असेल तर बोटांना कळत नाही, तिथे दिसेल. यकृत किती ताठर झालंय ते मोजायचं मशीन आहे, ते लावीन. आणि रक्तात बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ.”

“सोनोग्राफीत सगळं दिसतं, मग रक्त कशाला?”

“यकृत दिसतं कसं, ते सोनोग्राफी सांगते. ते काम किती करतंय, ते रक्त सांगतं.”

मोठ्या सरांनी कागदावरच्या ओळीवर बोट ठेवले. “पाण्यावर तुझा निकाल अवलंबून आहे, हे समजतंय ना तुला?”

“समजतंय, सर. तुम्ही नापास केलंत तरी मला हेच सांगावं लागेल. माझ्या बोटांना दुसरं काही लागलंच नाही.”

मग बाहेरून आलेल्या बाई अत्यंत मृदू स्वरात, जणू स्वतःचीच चूक कबूल करावी तशा म्हणाल्या, “सर, सकाळी आपण यांना हात लावला नव्हता.”

मोठ्या सरांनी कागद बाईंच्या हाती दिला. कोपऱ्यातल्या नळावर जाऊन हात धुतले, पुसले, तळवे एकमेकांवर चोळले आणि खाटेच्या काठावर बसले. “मास्तर, परवानगी आहे का?” हा प्रश्न त्यांनी कित्येक वर्षांत मास्तरांना विचारला नव्हता.

त्यांचे बोट पोटावर टेकले. ठोका पडला. मध्यावर मोकळा, कुशीलाही मोकळा. त्यांनी मास्तरांना वळवले, वाट पाहिली, आणि पुन्हा ठोका दिला. आवाज तोच. सर पुन्हा पुन्हा ठोके देत राहिले. पाठ केलेल्या पानावरचा श्लोक कोणी नकळत पालटून ठेवावा आणि पाठकाने अक्षरावर बोट ठेवून तो नव्याने वाचावा, तसे. शेवटी त्यांनी चादर स्वतःच्या हाताने मास्तरांच्या छातीपर्यंत ओढली.

“पाणी नाही,” ते म्हणाले.

त्यांनी कागद मागून घेतला, सकाळची ओळ खोडली, नवी लिहिली आणि खाली सही केली. “सकाळी हे माझं काम होतं. मी ते केलं नाही. आधीच्या मुलांना दुसरा पेशंट देऊन परत तपासायला सांगू. खोटं उत्तर आमच्या कागदानेच खरं ठरवलंय, त्याची शिक्षा एकट्या त्यांना नको.” मग मुलीकडे वळून ते म्हणाले, “पुढच्या खाटेवर जा.”

“सर, म्हणजे मी…”

“ही केस झाली तुझी. पूर्ण गुण. जा, वेळ जातोय.”

ती गेल्यावरही सर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिले. “मागच्या खेपेला हिला मीच नापास केलं होतं,” ते बाईंना हलक्या आवाजात म्हणाले. “शेरा लिहिला होता : स्वतःच्या बोटांवर विश्वास नाही.” एवढे बोलून त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले. गुरूच्या मुद्रेवर पराजयाची छाया यावी असा तो प्रसंग. पण तेथे जे दिसत होते त्याला अभिमानावाचून दुसरे नाव देता येत नव्हते. पुत्राकडून आणि शिष्याकडून हरण्याची इच्छा धरावी, असे जे जुन्या लोकांनी मानले, ते बहुधा अशाच क्षणासाठी.

परीक्षेचे सकाळचे सत्र संपल्यावर सरांनी मास्तरांना स्वतः सोनोग्राफीच्या खोलीत नेले. पडद्यावर यकृताची कड खडबडीत दिसत होती, पण तिच्याभोवती पाण्याची काळी रेघ कुठेच नव्हती. ताठरपणा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा मागच्या नोंदीपेक्षा बराच उतरला होता. रक्त काढून पाठवले गेले.

“मास्तर, खोटी आशा देत नाही,” सर म्हणाले. “व्रण आहेत. कॅन्सरची गाठ तर होत नाही ना, हे बघायला दर सहा महिन्यांनी यायचं, आणि आता तारीख चुकवायची नाही. पण तुम्ही झिजत नव्हता. पाणी ओसरत होतं, म्हणून कंबर उतरली.”

मास्तर बटणे लावत होते. त्यांची बोटे एका काजापाशी थांबली. जन्मभर लोकांच्या कंबरा मोजल्या, आणि स्वतःच्या कंबरेचा अर्थ मात्र उलटा लावला.

“म्हणजे पुढच्या वर्षी मला बोलावणार नाही तुम्ही,” ते म्हणाले.

“बोलावणार तर. आजपर्यंत तुम्ही सोपी केस होता. आता अवघड झालात.”

मास्तर बाहेर आले तेव्हा पत्नी बाकावरून उठून उभी राहिली. त्यांना एवढा उशीर कधी होत नसे. तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांच्यासाठी जागा करून ती पुन्हा बाकावर बसली.

“अगं, काय सांगू तुला,” मास्तर तिच्याजवळ बसत म्हणाले. “एक पोरगी आली होती. कोटाला निळ्या दोऱ्याने टाके, डोळ्यांवर चष्मा. सगळ्यांनी तिला उत्तर आयतं सांगितलेलं. मोठे सर समोर उभे. परत बघ म्हणाले, परत बघितलं तिने. नापास करा म्हणाली, पण माझ्या बोटांना लागलं तेच मी सांगणार. आणि सर उठले, हात धुतले आणि तिचं खरं निघालं. इतकी वर्षं मी या खाटेवर पडतोय, पण असं पोर पाहिलं नाही.”

“पण तिने सांगितलं काय?”

“तेच की. पोटात पाणी नाही म्हणाली. मोठ्या सरांनी बघितलं, मशीननेही बघितलं. नाहीये. ओसरलं.”

पत्नीने पदर तोंडाशी नेला, आणि थोड्या वेळाने तो खाली घेतला तेव्हा ती चिडलेली होती.

“अहो, हे आधी सांगायचं की नाही? पाणी ओसरलं हे शेवटी, आणि कोटाचे टाके आधी?”

“तिच्यामुळेच तर कळलं ना. म्हणून आधी ती.”

“कुठे आहे ती?”

मास्तरांनी वॉर्डाच्या दाराकडे बोट दाखवले. दुपारचे सत्र सुरू झाले होते. दाराच्या काचेतून दिसत होते : ती मुलगी एका म्हाताऱ्या बाईच्या खाटेवर वाकून, डोळे मिटून, तिच्या पाठीवर बोटाने ठोके देत होती. बाकीच्या जगाचे तिला भान नव्हते.

“आत जाता येणार नाही,” मास्तर म्हणाले. “परीक्षा चालू आहे.”

“मी कुठे आत जातेय? जरा बाजूला व्हा,” पत्नी म्हणाली आणि काचेला कपाळ टेकवून उभी राहिली. “मला नीट बघू द्या तिला.”